नित्यकर्म आणि साक्षी

नेवासे येथे, प्रवरेच्या काठी, ज्या दगडी खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेचा भावार्थ मराठीत सांगितला असे वारकरी परंपरा मानते, त्या खांबापुढे उभे राहिले म्हणजे मनात पहिल्याने येते ती सांगणाऱ्या त्या तरुण योग्याची मूर्ती. परंतु वय वाढत चालले तसतसे मला त्याच्या जोडीला, खाली मान घालून ते सांगणे उतरून घेणाऱ्या लेखकाचेही स्मरण होऊ लागले आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी हा ग्रंथ पूर्ण झाला आणि सच्चिदानंदबाबांनी त्याचे लेखन केले, ही नोंद ग्रंथाच्या अखेरीसच आहे. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती पोथी हातांनी उतरवली गेली. उतरवणारे बहुधा भाविकच असणार, ग्रंथ बिघडवावा असे त्यांच्या मनात असण्याचे कारण नव्हते. तरीही कोठे डोळा चुकला, कोठे जुना शब्द न कळल्यामुळे ओळखीचा शब्द बसवला गेला, कोठे प्रेमाच्या भरात स्वतःची ओवी मध्येच गुंफली गेली, आणि निर्मळ हेतूच्या माणसांच्या हातूनच सुमारे नऊ हजार ओव्यांचा तो प्रवाह पाठभेदांनी गढूळ होत गेला. शके 1506 मध्ये, इसवी सन 1584 मध्ये, पैठणच्या एकनाथांनी निरनिराळ्या पाठांचा मुकाबला करून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी आपल्या पदरची भर घालू नये असे निक्षून बजावले. ग्रंथाविषयी ज्याच्या मनात सर्वांत अधिक भक्ती होती, त्यानेच त्याच्या प्रत्येक अक्षराविषयी शंका घेतली, ही गोष्ट मला दिवसेंदिवस अधिक अर्थपूर्ण वाटू लागली आहे.

हा जुना वृत्तान्त पुनः आठवण्याचे निमित्त अगदी आजचे आहे. माझा एक भाचा नेवासे तालुक्यातच लहानाचा मोठा झाला आणि गेली काही वर्षे पुण्यात संगणकाच्या प्रोग्रामांची तपासणी करण्याचे काम करतो. जुन्या दप्तरांत अहमदनगर आणि आता अहिल्यानगर ज्याला म्हणतात, त्या आमच्या जिल्ह्याला ही वाट आता अनोळखी राहिलेली नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीच्या सहकारी साखर कारखान्याने 1950 च्या अखेरीस ऊस गाळण्यास आरंभ केला. त्या सहकाराच्या पाठबळावर शाळा आणि महाविद्यालये उभी राहिली. 1983 साली राज्य सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिल्यावर लोणी, संगमनेर, कोपरगाव अशा ठिकाणी ती निघाली. आणि ज्यांच्या आजोबांनी पाटाच्या पाण्यावर ऊस लावला, त्यांची नातवंडे कोडच्या ओळी तपासू लागली. गेल्या दिवाळीला भाचा घरी आला असता, तुझे काम म्हणजे नेमके काय, असे मी त्याला विचारले.

"मामा," तो म्हणाला, "दिवसभर वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेला कोड एका ठिकाणी जमा होतो. कुणी काही बदल टाकला की सर्व्हर लगेच सगळं नव्यानं जुळवून बिल्ड तयार करतो. मग एक स्क्रीन उघडतो, पण तो कुणाला दिसत नाही. त्या स्क्रीनवर आमचा प्रोग्राम चालू होतो, टेस्ट त्यातली बटणं दाबते, रकाने भरते, आलेलं उत्तर ठरलेल्या उत्तराशी ताडून बघते. जुळलं तर हिरवं, नाही जुळलं तर लाल. आम्ही झोपलेलो असतो तेव्हाही हे चालूच असतं."

"आणि त्या स्क्रीनकडे पाहणारे कोणीच नसते?"

"कुणीच नसतं, मामा. बघणाऱ्याची गरजच नसते."

त्याने हे सहज सांगितले, आणि त्याच्या धंद्यात ते सहजच आहे. परंतु ज्याने आयुष्याचा काही काळ द्रष्टा आणि दृश्य या दोन शब्दांच्या सहवासात घालवला आहे, त्याला हे उत्तर स्वस्थ बसू देणारे नव्हते.

प्रथम हे काम कसे चालते ते वाचकांपुढे नीट मांडले पाहिजे. संगणकाशी माणसाने लिखित हुकमांनीच बोलावे असा एक काळ होता. 1973 साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात आल्टो नावाचा संगणक तयार झाला, त्यात पडद्यावरची चित्रे आणि हातातला माऊस यांच्या साहाय्याने काम करण्याची सोय होती, आणि तेथून पुढे खिडक्या, बटणे, रकाने आणि याद्या हीच यंत्राची मुखमुद्रा बनली. आज एखादा शेतकरी मोबाइलवर जमिनीचा सातबारा उतारा पाहतो, तेव्हा तो जिल्हा निवडतो, तालुका निवडतो, गाव निवडतो, गट क्रमांक घालतो आणि बटण दाबतो. त्या बटणामागे किती यंत्रणा उभी आहे याची त्याला वार्ता नसते आणि असण्याचे कारणही नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते बटण हेच सरकार असते. आता अशा प्रोग्रामात कोणी दूरच्या कोपऱ्यात लहानशी दुरुस्ती केली आणि तिच्यामुळे गावांची यादी उघडेनाशी झाली, तर दुरुस्ती करणाऱ्याला ते कळणार नाही, कारण त्याचे लक्ष आपल्या कोपऱ्याकडे आहे. म्हणून प्रत्येक बदलानंतर सगळे एकत्र जुळवून पाहावे आणि तत्काळ तपासावे, अशी जी शिस्त गेल्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली, तिला कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणतात. मराठीत आपण तिला अखंड जुळवणी म्हणू. 2004 साली शिकागो येथे जेसन हगिन्स नावाच्या प्रोग्रामरने वेबपानांवरील बटणे माणसाऐवजी प्रोग्रामकडूनच दाबवून घेण्याचे सेलेनियम हे साधन तयार केले, आणि त्याच्यासारख्या साधनांमुळे ही मुखमुद्राही अखंड जुळवणीच्या फेऱ्यात आली. सर्व्हरला पडदा जोडलेला नसतो; म्हणून स्मृतीतच एक पडदा कल्पिला जातो. 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 बिंदूंचा तो पट संगणकाच्या स्मृतीत रंगवला जातो, त्यावर खिडकी उघडते, बटण उमटते, दाबले जाते आणि पुसले जाते. आणि या सर्व काळात एकही डोळा त्यावर पडत नाही.

येथे दोन प्रश्न उभे राहतात, आणि ते दोन्ही संगणकाहून पुष्कळ जुने आहेत. जे आपण स्वतः काळजीपूर्वक केले, ते पुनःपुन्हा तपासणे ही अश्रद्धा आहे काय, हा पहिला. आणि पाहणारा नसताना झालेली परीक्षा ही परीक्षा ठरते काय, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याने एक विलक्षण उदाहरण जगापुढे ठेवलेले आहे. त्याच नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे, आणि शनिदेवाच्या भरवशावर घरांना दारे न लावण्याची तेथील परंपरा सर्वश्रुत आहे. कडीकोयंड्यावाचून झोपणाऱ्या त्या गावाची श्रद्धा मोठी, आणि तिच्यापुढे रात्रंदिवस तपासणी करणारी यंत्रणा ही संशयग्रस्त मनाची निशाणी आहे असे एखाद्याला वाटेल. परंतु थोडे खोल जाऊन पाहिले म्हणजे दोहोंचा विषयच निराळा असल्याचे ध्यानात येते. शिंगणापूरच्या माणसाने दार लावले नाही, ते शेजाऱ्यावर आणि देवावर विश्वास ठेवून. आपल्या हातून कधी चूक होणार नाही असा त्याचा दावा नाही. दुसऱ्याच्या सद्‌भावावर विश्वास ठेवणे याला श्रद्धा म्हणावे. स्वतःच्या हाताच्या अचूकपणावर विश्वास ठेवणे याला मात्र अहंकार हेच नाव शोभते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी चढण्यापूर्वी प्रमाणित वजने ठेवून काट्याची खातरजमा केली, तर त्यात काट्यावर बसलेल्या कारकुनाचा अपमान नसतो. उलट, ज्याच्या वर्षभराच्या कष्टांचा हिशेब त्या एका आकड्यावर होणार आहे, त्या शेतकऱ्याचा तो मान असतो. एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शोधला तो ज्ञानदेवांवर अविश्वास म्हणून नव्हे. मधल्या हातांच्या मर्यादा त्यांना ठाऊक होत्या म्हणून. परीक्षा ही जेव्हा स्वतःच्या दुर्बलतेच्या जाणिवेतून उगवते, तेव्हा ती श्रद्धेची धाकटी बहीण असते.

तथापि परीक्षेला तिच्या योग्यतेहून अधिक मान देणे हीही एक प्रकारची अंधश्रद्धाच आहे. आमच्या लहानपणी गुणाकार केल्यावर नवाचा ताळा पाहण्याची पद्धत होती. पंचवीस गुणिले तेरा म्हणजे 325, पंचविसाचे अंक मिळवले की 7, तेराचे 4, त्यांचा गुणाकार 28 म्हणजे अंक मिळवत गेल्यास 1, इकडे 325 चे अंक मिळवले की 10 म्हणजे 1, ताळा जमला. परंतु घाईत एखाद्याने 325 ऐवजी 352 लिहिले, तरीही ताळा जमतोच. ताळा चुकला तर उत्तर निश्चित चुकले आहे; ताळा जमला तर उत्तर बरोबर असेलच, असे नाही. पाटीवरचा हा धडा ज्याच्या मनात पक्का ठसला, त्याला संगणकाच्या परीक्षांचे अर्धे तत्त्वज्ञान आयते कळले. हिरवा दिवा एवढेच सांगतो की ज्या ज्या ठिकाणी आम्ही दोष शोधला, त्या त्या ठिकाणी तो सापडला नाही. ज्या ठिकाणी शोधलाच नाही, तेथील हकिकत त्याला ठाऊक नाही.

आपल्या दर्शनकारांनी हा वाद प्रामाण्यवाद या नावाने शतकानुशतके चालवला. एखादे ज्ञान खरे आहे हे कशावरून जाणावे? नैयायिक म्हणतात, परतः, म्हणजे त्या ज्ञानाबाहेरच्या आधारावरून. उन्हाळ्यात पारनेर-कर्जतच्या माळावर दूर पाणी चकाकताना दिसते. ते खरे पाणी की मृगजळ, हे जवळ जाऊन ओंजळ भरल्यावर आणि तहान भागल्यावर ठरते. प्रवृत्ती सफळ झाली, म्हणून ज्ञान यथार्थ. बटण खरोखर दाबून पाहणारी टेस्ट ही या अर्थाने शुद्ध नैयायिक आहे. मीमांसक यावर विचारतात की, तहान भागल्याचे जे ज्ञान तुम्हाला झाले, ते तरी खरे कशावरून? त्याला आणखी एक परीक्षा लावाल, तिला आणखी एक, आणि अशा रीतीने अनवस्था प्राप्त होऊन कोणतेच ज्ञान कधी पायावर उभे राहणार नाही. म्हणून मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते; त्याला बाधक असे दुसरे ज्ञान उद्‌भवेपर्यंत, अथवा ते ज्या साधनाने झाले त्या साधनात दोष आढळेपर्यंत, ते प्रमाण मानून चालावे. कुमारिल भट्टांनी तर हा शोध तीन-चार ज्ञानांच्या पलीकडे नेण्याचे कारण नाही असे व्यवहारी बुद्धीने सुचवले आहे.

ही अनवस्था काल्पनिक नाही. एकनाथांनी शुद्ध केलेल्या पाठाचीही पुढे परीक्षा झालीच. 1909 साली इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी, एकनाथपूर्व असल्याचे ज्या पोथीविषयी त्यांचे मत होते, तिच्यावरून ज्ञानेश्वरी छापून काढली, आणि शुद्ध पाठ कोणता हा प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहिला. संगणकातही तेच घडते. टेस्ट हीसुद्धा माणसानेच लिहिलेली असते, तिच्यातही चूक असते, आणि कित्येकदा लाल दिवा लागतो तो प्रोग्राम बिघडला म्हणून नव्हे, तर परीक्षकच बिघडला म्हणून. मग परीक्षेची परीक्षा कोणी करावी? या ठिकाणी मला दोन्ही दर्शने आवश्यक वाटतात. काम करताना मीमांसकाप्रमाणे विश्वासाने पाऊल टाकावे, आणि बाधक ज्ञान शोधण्याचे काम नैयायिकाच्या चिकाटीने करावे. मात्र बाधक ज्ञान आपण होऊन दारात येईल अशी वाट पाहत बसू नये. त्याला रोज आमंत्रण धाडावे. अखंड जुळवणीचे सार मला यातच दिसते.

'रोज' या शब्दाशी आपण आलो म्हणजे धर्मशास्त्राच्या अंगणात आलो. शास्त्राने कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले. संध्यावंदनासारखे जे नेमाने करायचे ते नित्य. ग्रहणासारखे निमित्त उपस्थित झाल्यावर करायचे ते नैमित्तिक. आणि एखाद्या फळाची इच्छा धरून करायचे ते काम्य. त्यात नित्यकर्माविषयीचे एक प्रसिद्ध मत असे आहे की, ते केल्याने विशेष फळ मिळत नाही, परंतु न केल्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. तरुणपणी मला हा विचार शुष्क वाटे. ज्याला फळ नाही ते का करावे, असे मी वडीलधाऱ्यांना विचारीत असे. भाच्याचे काम समजून घेताना त्याचे मर्म मला नव्याने उलगडले. रात्री यंत्राने पाचशे बटणे दाबली आणि सर्व दिवे हिरवे लागले, तर सकाळी जगात काहीही अधिक झालेले नसते. नवे काही निर्माण झाले नाही, कोणी आभार मानले नाहीत, ग्राहकाला वार्ताही नाही. परंतु तीच तपासणी महिनाभर टाळली तर लहानलहान दोष एकमेकांवर थर धरतात, आणि एके दिवशी जे कोसळते त्याचे मूळ कोणाला सापडत नाही. प्रत्येक बदलानंतरची तपासणी ही नैमित्तिक, रात्रीची नेमाची तपासणी ही नित्य, आणि दोहोंचे पुण्य न घडलेल्या अनर्थाच्या रूपानेच जमा होते. घराचा उंबरा रोज सारवणाऱ्या, पाण्याची भांडी रोज घासणाऱ्या हातांची योग्यताही अशीच अदृश्य असते. ज्या कर्माचे यश काहीही न घडण्यात आहे, ते निष्ठेने करीत राहणे ही निष्काम कर्माची फार कठीण पायरी आहे असे मला वाटते.

आता यंत्राची दृष्टी कशी असते ते पाहू, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाकडे आपण आपोआप येऊ. वेदान्तात ओळखीचे एक ठरलेले उदाहरण आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी पाहिलेला देवदत्त आज येथे भेटतो, आणि आपण म्हणतो, तोच हा देवदत्त. स्थळ पालटले, काळ पालटला, केस पिकले. तरी भेद बाजूला सारून आपण अभेद ओळखतो. यंत्राला नेमके हेच जड जाते. त्याला बटण दाखवावे कसे? पडद्याच्या डाव्या कडेपासून इतके बिंदू आणि वरून इतके बिंदू, असे स्थान सांगितले तर बटण जरासे सरकताच ते हरवते. कालच्या पडद्याची प्रतिमा जपून आजची तिच्याशी बिंदुबिंदूने ताडावी, अस्सल बरहुकूम नक्कल आहे की नाही ते पाहावे, तर अक्षराचे वळण किंचित पालटले तरी यंत्र दोष दाखवते. म्हणून जाणते लोक बटणाला आतून एक स्थिर नाव देतात आणि त्या नावाने त्याला हाक मारतात. रूप पालटले तरी नाम टिकते. नाम हे रूपाहून स्थिर, हा अनुभव नामस्मरणाच्या मार्गाने जाणाऱ्यांना नवा नाही. तो या रुक्ष वाटणाऱ्या व्यवहारातही उपयोगी पडावा, याचे मला कौतुक वाटते. तथापि नाव कोणाला द्यावे आणि कोणता बदल हा केवळ वेषान्तर मानावा, हे ठरवणारी बुद्धी यंत्राच्या बाहेरच राहते.

दुसरी अडचण काळाची. यंत्र अतिशय चपळ असल्यामुळे पडद्यावर बटण उमटण्यापूर्वीच ते दाबायला धावते, आणि बटण सापडले नाही असा शेरा मारून मोकळे होते. तीच टेस्ट पुन्हा चालवली तर उत्तीर्ण होते. असे वरचेवर होऊ लागले म्हणजे लाल दिव्याकडे कोणी लक्ष देईनासे होते, आणि लांडगा आला रे आला या गोष्टीतल्याप्रमाणे ज्या दिवशी खरा लांडगा येतो, त्या दिवशी हाकेला कोणी धावत नाही. यावर प्रत्येक ठिकाणी पाच सेकंद थांब, असा आंधळा हुकूम लिहून ठेवणे हा उपाय पुष्कळ जण करतात. परंतु पाच सेकंद कधी व्यर्थ जातात आणि कधी अपुरे पडतात. खरा उपाय म्हणजे बटण दिसेपर्यंत थांब, दिसताच पुढे जा, आणि अमुक मर्यादेपर्यंत ते दिसले नाही तरच दोष मान, असे सांगणे. राहाता तालुक्यातील शिर्डीला साईबाबांच्या नावाशी श्रद्धा आणि सबुरी हे दोन शब्द कायमचे जोडले गेलेले आहेत. सबुरी म्हणजे नुसते दिवस मोजणे नव्हे. ज्याची वाट पाहायची त्यावर लक्ष ठेवून, ते येताच उठण्याच्या तयारीने थांबणे, असा तिचा अर्थ मी आजवर मनाशी धरीत आलो होतो, आणि यंत्राला थांबायला शिकवणाऱ्यांनीही अखेर तोच अर्थ शोधून काढला.

आता त्या न दिसणाऱ्या पडद्याकडे वळू. पडदा आहे, त्यावर रंग आहेत, बटण आहे, दाबण्याची क्रिया आहे. द्रष्टा मात्र नाही. अशा दृश्याला दृश्य म्हणावे काय? दृश्य हा शब्दच द्रष्ट्याची अपेक्षा बाळगणारा आहे. ज्ञानदेवांनी अमृतानुभवात द्रष्टा आणि दृश्य यांच्या नात्याचा अत्यंत सूक्ष्म विचार केला आहे. मी तेथपर्यंत पोहोचण्याचे धाडस करीत नाही. माझ्यापुरता एक साधा, देवनागरीतला दाखला मला पुरेसा वाटतो. 'किती' हा शब्द आपण लिहितो तेव्हा पहिली वेलांटी डोळ्यांना 'क'च्या आधी दिसते. परंतु युनिकोड या संगणकाच्या सर्वमान्य लिपिसंकेतात ती 'क'च्या नंतर नोंदलेली असते, आणि पडद्यावर उमटवताना ती अलीकडे आणून बसवणे हे अक्षरे रंगवणाऱ्या यंत्रणेचे काम असते. ती यंत्रणा चुकली, तर वेलांटी भलत्या अक्षरावर बसते, जोडाक्षर फुटून मधे पाय मोडलेले हलन्त अक्षर उभे राहते, आणि सातबाऱ्यावरचे 'क्षेत्र' हे पद वाचता न येण्याजोगे होते. परंतु टेस्ट जेव्हा रकान्यातील मजकूर विचारते, तेव्हा तिला रंगवलेले अक्षर मिळत नाही. नोंदलेले संकेत मिळतात, आणि ते तर बिनचूक असतात. दिवा हिरवा लागतो. यंत्र खोटे बोललेले नसते, त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने प्रामाणिकपणे दिलेले असते. केवळ ज्या म्हातारीला उतारा वाचून आपल्या शेताची खात्री करायची आहे, तिच्या डोळ्यांनी तो पडदा कोणी पाहिलेला नसतो.

या ठिकाणी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला सापडल्यासारखे वाटते. यज्ञात प्रत्यक्ष आहुती टाकतात त्या ऋत्विज. मंत्र ते म्हणतात, अग्नी ते सांभाळतात, श्रम त्यांचे असतात. परंतु संकल्प यजमानाचा असतो, आणि म्हणून फळही यजमानाकडे जाते. यंत्राला आपण रात्रीच्या नित्यकर्माचे ऋत्विज करावे, यात काही गैर नाही. न थकता, न कंटाळता, तीच क्रिया हजाराव्या वेळीही पहिल्याइतक्याच नेमाने करण्याची त्याची शक्ती माणसात नाही, आणि असल्या कामात माणसाचे आयुष्य झिजवणे हा अधर्मच होय. परंतु काय तपासावे, का तपासावे, आणि कोणासाठी तपासावे, हा संकल्प यंत्राला करता येत नाही. न पाहता झालेली ती परीक्षा खरी ठरते, कारण तिच्या आरंभी कोणीतरी एकदा डोळे उघडून पाहिलेले असते आणि हे असे असावे असे ठरवलेले असते. आणि अखेरीस कोणीतरी पुन्हा पाहणार असते. मधला काळोख हा दोन उजेडांमध्ये धरलेला काळोख आहे. त्यातला एक जरी उजेड मालवला, तर राहते ती केवळ हालचाल.

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस नक्कल करणाऱ्यांनी लिहिलेला एक संस्कृत श्लोक अनेकदा आढळतो. जशी प्रत मला दिसली तशी मी उतरवली आहे, ती शुद्ध असो वा अशुद्ध, कसूर माझ्या माथी मारू नये, असा त्याचा भाव आहे. हा जबाब नकलकाराच्या तोंडी अगदी रास्त आहे, आणि यंत्राच्या तोंडीही तो रास्तच ठरेल. जे सांगितले ते त्याने ताडले. त्याहून अधिक त्याच्याकडे मागणे अन्यायाचे होईल. माझी काळजी निराळी आहे. हिरव्या दिव्यांची सवय झाली म्हणजे तोच श्लोक यजमानही म्हणू लागतो. टेस्ट उत्तीर्ण झाली होती, मग माझा दोष कोणता, असे विचारून तो मोकळा होतो. एकनाथांना तो श्लोक म्हणता आला असता. पोथ्या जशा मिळाल्या तशा उतरवून, भाविक म्हणून त्यांना पैठणला सुखाने राहता आले असते. त्यांनी प्रत्येक पाठापुढे थांबून, ज्ञानदेवांचे बोलणे हेच असेल काय, असे स्वतःला विचारले आणि निवडीचा भार आपल्या शिरावर घेतला.

दिवाळीची सुटी संपवून भाचा पुण्याला निघाला, तेव्हा मी त्याला एवढेच विचारले की, सकाळी कचेरीत गेल्यावर सर्व दिवे हिरवे असले तर तू काय करतोस. तो जरा थांबून म्हणाला, "मामा, खरं सांगायचं तर कुणी सांगितलेलं नाही, पण मी रोज एकदा स्वतः प्रोग्राम उघडतो. सगळा नाही होत बघून. एखादी खिडकी घेतो, पहिल्यांदाच वापरतोय असं समजून सावकाश वाचतो."

त्याला निरोप देऊन मी दुसऱ्या दिवशी नेवाशाला गेलो. खांबापुढे नेहमीसारखी शांतता होती. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी येथे एकाने सांगितले, दुसऱ्याने लिहिले. आणि त्या लिहिणाऱ्याचे नाव ग्रंथाच्या अखेरच्या शब्दांत, वर्षाच्या नोंदीसह, आजही उभे आहे. कसूर माझी नाही असे त्या नोंदीत कोठेही म्हटलेले नाही. ज्याने लिहिले त्याचे नाव तेथे आहे, आणि नावाबरोबर त्या साऱ्या अक्षरांचा भारही त्याने आपणहून उचललेला आहे.